बाद पाकिटांचा हिशेब फलकावर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतमोजणीच्या सकाळी, मी मोजणीची टेबले आणि उमेदवारांचे प्रतिनिधी यांच्यामधल्या जाळीच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षे नोकरी केली आणि त्यातल्या बहुतेक निवडणुका जाळीच्या पलीकडे काढल्या. कधी बोटाला शाई लावली, कधी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून रात्री अडीचला साहित्य जमा करण्याच्या रांगेत उभी राहिले. निवृत्तीनंतर मात्र माझा एक माजी विद्यार्थी अपक्ष म्हणून उभा राहिला. डिपॉझिट जाणार हे त्यालाही ठाऊक होते. तरी घरी येऊन म्हणाला, "बाई, टपाली टेबलावर तुम्हीच बसा. तुम्हाला ती पाकिटं कळतात." म्हणून मी त्याची मतमोजणी प्रतिनिधी झाले. डिपॉझिट गेलेच, ते असो.

मतदानाची गुप्तता राखायची सूचना मला दिली होती आणि ती मी पाळते आहे. कोणी कोणाला मत दिले, याबद्दल या पत्रात एक अक्षरही नाही. मला सांगायचे आहे ते न मोजलेल्या टपाली मतांबद्दल.

ज्यांनी कधी टपाली मतदान (ते मुख्यतः निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांसाठी असते) केले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मतपत्रिका छोट्या पाकिटात घालून बंद करायची, ते पाकीट १३-बी. त्याच्यासोबत एक घोषणापत्र असते, १३-ए. त्यावर मतदाराची सही आणि साक्षांकन करणाऱ्या, म्हणजे ती सही मतदाराचीच आहे असे प्रमाणित करणाऱ्या, अधिकाऱ्याची सही लागते. ही दोन्ही मोठ्या पाकिटात, म्हणजे १३-सी मध्ये घालायची. घोषणापत्र छोट्या पाकिटाच्या बाहेर आणि मोठ्याच्या आत राहिले पाहिजे, सगळी गोम इथे आहे. मोजणीच्या वेळी आधी मोठे पाकीट उघडतात आणि घोषणापत्र पाहतात. ते नसले, त्यावर सही किंवा साक्षांकन नसले, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक छोट्या पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर छोटे पाकीट उघडतच नाहीत. शेरा मारून बाजूला ठेवतात. निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे आणि ते योग्यही आहे, नाहीतर कोणीही कोणाच्याही नावाने पाकीट पाठवेल.

हे नियम मला तोंडपाठ आहेत, कारण एकदा मीच त्यात फसले होते. सप्टेंबर १९९९ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुका एकत्र झाल्या. लोकसभेची मतपत्रिका पांढरी, विधानसभेची गुलाबी. टपाली मतदानासाठी पाकिटांचे दोन संच आले. मुलगी तापाने फणफणलेली, दुसऱ्या दिवशी साहित्य घ्यायला निघायचे, त्या गडबडीत रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी ती पाकिटे चिकटवली. टपालपेटीत टाकल्यावर घरी परतताना डोक्यात प्रकाश पडला की गुलाबीचे घोषणापत्र पांढरीच्या पाकिटात गेले असावे. असावे म्हणते, कारण नक्की काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. माझी दोन्ही मते मोजली, एक मोजले, की दोन्ही बाद झाली? सांगणारे कोणी नव्हते. मुलांना वर्षभर "उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक नीट लिहा" म्हणून ओरडणारी मी, माझ्या उत्तरपत्रिकेचा निकाल पंचवीसहून अधिक वर्षे लागलेला नाही.

तेव्हा चूक माझी होती. आता तसे म्हणता येत नाही. २०२३ मध्ये नियम बदलले. निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्याने मतपत्रिका घरी न्यायची नाही, सुविधा केंद्रातच घ्यायची आणि तिथेच मत देऊन पेटीत टाकायची. पूर्वी मतपत्रिका मोजणीच्या दिवसापर्यंत खिशात, दप्तरात, कपाटात फिरायच्या आणि त्या कोणाच्या दबावाखाली भरल्या जात हे सगळ्यांना माहीत होते. ते थांबले, हे उत्तमच झाले. पण मग घोषणापत्रावर साक्षांकनाची सही कोण करतो? त्याच केंद्रात बसलेला अधिकारी. पाकिटे कशी भरायची ते सांगतो कोण? तोच कक्ष. म्हणजे कर्मचाऱ्याचे मत साक्षांकनाअभावी बाद झाले, तर चूक त्या टेबलाची आणि शिक्षा मात्र मतदाराला.

त्या सकाळी माझ्यासमोरच्या टेबलावर मी हेच पाहिले. मोठे पाकीट उघडले, घोषणापत्र बाहेर आले, त्यावर शिक्षकाची ठसठशीत सही होती आणि खाली साक्षांकनाची जागा कोरी. "अटेस्टेशन नाही, बाद." पाकीट ट्रेमध्ये गेले. पुढचे उघडले, तेही तसेच. पाठोपाठ तिसरे. मी उभी राहून म्हणाले, "साहेब, जरा जाळीजवळ धरा ना." त्यांनी धरले. माणूस सौजन्यशील होता, चिडलाही नाही. तीनही घोषणापत्रांवर तारीख एकच होती. म्हणजे त्या दिवशी सुविधा केंद्रात कोणीतरी सह्या करायचे विसरले, किंवा चहाला उठले आणि रांग पुढे सरकत राहिली. हा माझा तर्क आहे. खरे काय ते फक्त एकाच पद्धतीने कळले असते: बाद पाकिटांची कारणवार मोजणी झाली असती आणि ती कोणीतरी वाचली असती तर.

काही पाकिटे मात्र मतदारांनी स्वतःच्या हाताने घालवली. घोषणापत्र आतल्या पाकिटात कोंबलेले, त्यामुळे बाहेर काहीच नाही. एकाने मतपत्रिकेवर व्यवस्थित खूण केली आणि पगारपत्रकावर करावी तशी खाली सही ठोकली. ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद, नियमाने बरोबरच. मला हसू आले आणि वाईटही वाटले. आम्हा शिक्षकांना दिसेल त्या कागदावर सही करायची सवयच लागलेली असते.

दुपारपर्यंत आमच्या टेबलाचे काम आटोपले. बाद पाकिटांचा आकडा सांगितला गेला आणि आम्ही तो वहीत लिहून घेतला. कारणे कोणी सांगितली नाहीत आणि खरे सांगायचे तर माझ्याशिवाय कोणी विचारलीही नाहीत. सगळ्यांचे कान यंत्रांच्या फेऱ्यांकडे. मोठ्या पक्षांचे दोन प्रतिनिधी तर दहाच्या आधीच उठून तिकडे गेले होते.

चार-दोन पाकिटांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी मुंबई उत्तर पश्चिमची लोकसभा निवडणूक आठवावी. ४ जून २०२४. यंत्रांच्या मोजणीत अमोल कीर्तिकर यांना ४,५१,०९५ मते आणि रवींद्र वायकर यांना ४,५१,०९४. एका मताचा फरक. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१. वायकर ४८ मतांनी निवडून आले आणि बाद झालेली टपाली मते होती १११. निकालाला आव्हान देणारी याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली, त्यामुळे निकालाबद्दल मला काही म्हणायचे नाही. मी फक्त शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवते: ४८ आणि १११. त्या १११ पैकी किती पाकिटे मतदाराच्या चुकीने बाद झाली आणि किती कार्यालयाच्या, हे तेव्हाच कारणवार फलकावर लागले असते, तर पुढे महिनोन्महिने चाललेल्या कुजबुजीला तेवढी जागा कमी मिळाली असती.

शेजारच्या गुजरातमध्ये धोळका मतदारसंघात तर याहून मोठे झाले. २०१७ च्या विधानसभेत तिथला विजय ३२७ मतांचा होता आणि बाद ठरवलेली टपाली मते ४२९. गुजरात उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती निवडणूक रद्द ठरवली. काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. ४२९ पाकिटांच्या प्रश्नावर उच्च न्यायालयाचा निकाल यायलाच जवळपास अडीच वर्षे लागली, म्हणजे आमदारकीची निम्मी मुदत. आंध्र प्रदेशात २०२४ मध्ये वाद याच साक्षांकनावरून पेटला. अधिकाऱ्याची सही आहे, पण नाव, हुद्दा, शिक्का नाही, अशी मते धरायची की नाही? धरायची, असे मोजणीच्या तोंडावर ठरले, एक पक्ष न्यायालयात गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने मोजणीच्या आदल्या दिवशी हस्तक्षेप करायला नकार दिला. मत धरावे हेच मला पटते. पण तोपर्यंत मतदाराच्या हातून सगळे निसटलेले असते.

निवडणूक आयोग काहीच करत नाही असे नाही. बाद टपाली मते विजयाच्या फरकापेक्षा जास्त असतील, तर निकाल जाहीर करण्याआधी निरीक्षकांसमोर ती सगळी पुन्हा तपासायची आणि त्याचे चित्रीकरण करायचे, अशी सूचना आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एक आदेश आला: टपाली मतांची मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करायची नाही. २०१९ मध्ये हीच अट सैल केली होती, ती परत आली. बरे झाले. मात्र या आदेशाने केव्हा मोजायचे ते ठरले. काय बाद झाले आणि का, हे गावाला कळायची सोय त्यात नाही.

आणि ती सोय मोजणीच्या दिवशीच हवी, नंतर नाही. मोजणी संपली की मतपत्रिका आणि घोषणापत्रांची पुडकी सीलबंद होतात, ती न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडता येत नाहीत. माहितीचा अधिकार तिथे चालत नाही. निवडणूक याचिकेला मुदत ४५ दिवसांची, आणि याचिका नसेल तर ४५ दिवसांनंतर चित्रीकरणही ठेवायची गरज नाही, असे आयोगाने मे २०२५ मध्ये कळवले आहे. म्हणजे ते पाकीट बाद का झाले हे जगात कोणाला दिसते, तर त्या सकाळी टेबलाभोवती असलेल्या दहा-बारा माणसांना. त्यातली निम्मी यंत्रांच्या आकड्यांकडे पळालेली.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे, तिला कायदा बदलायला नको. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी मोजणी केंद्राबाहेर एक फलक लावावा. किती मतपत्रिका दिल्या, किती पाकिटे परत आली, किती उशिरा आली म्हणून उघडली नाहीत आणि किती कोणत्या कारणाने बाद झाली. घोषणापत्र नाही, मतदाराची सही नाही, साक्षांकन नाही, क्रमांक जुळत नाही, खूण नाही किंवा दोन खुणा, ओळख पटणारी खूण. पाच-सहा रकाने आहेत. तलाठी कार्यालयात पीक पाहणीचा तक्ता याहून मोठा असतो. नावे नकोत, गुप्तता कुठेच मोडत नाही. साक्षांकनाच्या रकान्यात मोठा आकडा दिसला, तर त्या सुविधा केंद्रात काय चालले होते हे विचारायला पत्रकारही येतील आणि शिक्षक संघटनाही.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते, कारण दोष सगळा कार्यालयाचाच नाही. पंच्याऐंशीच्या पुढच्या मतदारांना घरून मतदान करता येते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशीच्या, त्यांचा घरून मतदानाचा १२-डी अर्ज बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, घरी येऊन भरून घेतला. तो एकदा मंजूर झाला की यादीत नावासमोर ‘पीबी’ (पोस्टल बॅलट) लागते, मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. पथक घरी दोनदा येते, दोन्ही वेळा तुम्ही नसलात तर मत गेले. ठरल्या दिवशी पथक आले. दोन कर्मचारी, पोलीस, चित्रीकरण करणारा मुलगा. सासूबाईंनी लुगडे बदलले, दोन्ही चष्मे काढून ठेवले होते, पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पिटाळले. कर्मचाऱ्यांनी पाकिटे नीट भरून घेतली, सह्या तपासल्या, मी दारातून बघत होते. नाव ठेवायला जागा नव्हती. पण या फेरीचे वेळापत्रक उमेदवारांना आधी दिलेले असते, त्यांचे प्रतिनिधी सोबत येऊ शकतात. आमच्या गल्लीत एकही आला नाही. भोंगे लावून दिवसातून सहा वेळा जाणाऱ्या पक्षांपैकी कोणालाही एक माणूस पाठवायला जमले नाही. मोजणीनंतर तेच लोक टपाली मतांत घोळ झाला म्हणतात.

मोजणीच्या संध्याकाळी मी घरी आले तर सासूबाईंनी कोण निवडून आले ते विचारलेच नाही. म्हणाल्या, "माझं पाकीट धरलं का गं?" मी म्हटले, "आई, माहीत नाही. ते दुसऱ्या टेबलावर असेल." त्यांचा चेहरा पडला.

तालुक्याच्या कार्यालयाला मी हे सगळे लेखी कळवले होते. पोच मिळाली, उत्तर नाही. तरी पुढच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणात पाकिटे भरण्यासाठी अर्धा तास दिला तर मी विनामोबदला येऊन शिकवायला तयार आहे. रद्दी कागदाची १३-बी आणि १३-सी मी घरी करून आणेन, डिंकही माझाच. फक्त सुविधा केंद्रात साक्षांकनाला बसणाऱ्या साहेबांनीही त्या अर्ध्या तासाला हजर राहावे.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)