त्या पोराला परत बोलवा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

आई, हे पत्र तू बाबांना मोठ्याने वाचून दाखव. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं. मी कायम घाईत असते आणि बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन तुझ्या हातात देतात.

गेल्या शनिवारी एक फ्रेंच सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून तुमच्या दोघांशिवाय दुसरं काही डोक्यात नाही. 'ला तेत आँ फ्रिश' त्याचं नाव, 2010 सालचा, झाँ बेकर यांचा. मारी-साबीन रोझे यांच्या कादंबरीवरून केलेला. 'फ्रिश' म्हणजे पड टाकलेलं रान. नांगर न लागलेलं डोकं, असा काहीसा त्या नावाचा अर्थ. बाबा, आपला ओढ्याकाठचा तुकडा आठवला.

झेर्माँ हा पन्नाशीतला आडदांड गडी. आईच्या परसात एका कॅरॅव्हॅनमध्ये राहतो, भाजी पिकवतो, मिळेल ते काम करतो. वाचता जेमतेमच येतं. शाळेत मास्तरांनी उभं करून वाचायला लावलं, तो अडखळला आणि सगळा वर्ग हसला, ते त्याच्या मनात अजून रुतून बसलंय. आईच्या तोंडूनही कधी गोड शब्द ऐकलेला नाही. बागेत जाऊन कबुतरं मोजायची, हा त्याचा विरंगुळा. एकोणीस कबुतरं, प्रत्येकाला त्याने नाव ठेवलेलं. एक दिवस बाकावर मार्गरित नावाच्या आजी भेटतात, वय 95. कबुतरं त्यांनीही मोजलेली असतात. आकडा जुळतो आणि ओळख होते. मग आजी पिशवीतून काम्यू या फ्रेंच लेखकाची 'प्लेग' कादंबरी काढून त्याला वाचून दाखवू लागतात. तो डोळे मिटून ऐकतो आणि त्याला त्या गोष्टीतले उंदीर खरोखर दिसायला लागतात.

एवढंच घडतं, बाबा. दोन माणसं बाकावर बसतात, एक वाचतं, एक ऐकतं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते पाहताना मी जागची हलले नाही.

पुढे आजींची नजर जायला लागते. दुखणं तेच, तुमचंच. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो. कडेचं दिसतं, पण नेमकं ज्याच्याकडे बघावं तेच पुसट होतं. तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलं होतं, "फरशीच्या रेघा वाकड्या दिसतात गं." मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तेव्हाच डॉक्टरांकडे न्यायला हवं होतं. ती चूक माझी, आणि ती मला रोज टोचते.

सिनेमात मग झेर्माँ काय करतो, तर वाचायला शिकतो. पन्नाशीत, बोट ठेवून, मैत्रिणीची मदत घेऊन. आता आजींना तो वाचून दाखवणार असतो. इथे मला रडू आवरलं नाही, कारण मला गॅरेजमधला तो पोरगा आठवला.

दिवाळीत आले तेव्हा टेबलावरचा पेपर पाहून मी चिडले होते. समासात आणि ओळींखाली काळे ग्रीसचे ठसे. आई, तू म्हणालीस, संध्याकाळी तो येतो, बाबांना पेपर वाचून दाखवतो, आठवीत शाळा सुटलीय, जोडाक्षरांपाशी अडतो, बाबा सांगतात. मी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. कोण कुठला, घरात तुम्ही दोघंच, कपाटात पैसे, असलं काहीबाही बोलले आणि त्याला येऊ देऊ नका म्हणून बजावलं. तुम्ही माझं ऐकलंत. गेल्या महिन्यात आई फोनवर म्हणाली, "आता पेपर तसाच पडतो, घडीसुद्धा मोडत नाही."

ते ठसे कसले होते ते मला आत्ता कळतंय. तो ओळीवर बोट ठेवून वाचत होता.

आणि तो फुकटही येत नव्हता, हेही तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. फाटकाशी गाडी सुरू करायचा आणि तुम्ही खुर्चीतून सांगायचात, "टॅपेट वाजतंय, सेट कर." एसटीच्या डेपोत 31 वर्षं इंजिनं ऐकलेला तुमचा कान. डोळ्यांनी साथ सोडली तरी त्या पोराला तुमच्याकडून घेण्यासारखं किती होतं! मी एका फटक्यात दोघांचंही तोडलं.

आजींचं काम गिझेल काझादस्यू यांनी केलंय. जन्म 1914 चा, म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी त्या खरोखरच पंचाण्णवच्या घरात होत्या. 1934 पासून 'कोमेदी फ्रान्सेज' या पॅरिसच्या जुन्या नाट्यसंस्थेत, आणि पुढे 103 वर्षं जगल्या. त्यांचा पुस्तक धरलेला हात पाहा. थकलेला आहे, पण पान उलटताना जराही घाई नाही. आई, सासवडची आत्या पोथी वाचायची तशी.

शेवटाकडे आजींच्या वृद्धाश्रमाचे पैसे भाच्याला झेपेनासे होतात आणि तो त्यांना बेल्जियममधल्या एका स्वस्त आश्रमात हलवतो. झेर्माँ गाडी काढतो आणि त्यांना सरळ घरी घेऊन येतो. नात्याचा ना गोत्याचा. तो भाचा पाहताना मला माझी मान वर करवेना. मी इथे बेंगळुरूला, औषधांची ऑर्डर ॲपवरून टाकते आणि समजते की माझं झालं. रोज संध्याकाळी पाच वाजता तुमच्या शेजारी मोडा ओढून बसणारं माणूस मी नव्हते, तो होता.

बाबा, त्या पोराला परत बोलवा. तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी त्याच्याशी बोलते, माझी चूक होती असं स्वतः सांगते. सुरुवातीला अग्रलेख नको, त्यात जोडाक्षरं फार. शेवटच्या पानापासून, क्रिकेटपासून घ्या. आई, त्याच्यासाठी चहात साखर जास्त लागते असं तू म्हणाली होतीस, आणि त्या दिवशी तेही मला खटकलं होतं. घाल गं, दोन चमचे घाल. मी पुढच्या महिन्यात चार दिवस येतेय. त्या संध्याकाळी मी आतल्या खोलीत बसेन, त्याला बुजल्यासारखं व्हायला नको. मला फक्त तो वाचताना आणि तुम्ही त्याला अडलेला शब्द सांगताना ऐकायचंय.

दिवाळीतला तो पेपर रद्दीत गेला नसेल तर माझ्यासाठी ठेव, आई.

तुमची,
लेक