भाजणीचं प्रमाण

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मधेच 'जेवलीस का' विचारते, म्हणून लिहितेय.

आधी सांगूनच टाकते. आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर तुमच्यासाठी वन बीएचके भाड्याने घेतलाय. डिपॉझिटही भरलं. बाबा, रागावू नका. लेकीच्या घरी राहायचं नाही, हे तुमचं मला पाठ आहे. म्हणून तर वेगळं घर. पाटी तुमच्याच नावाची. दादाशी बोलले, त्यालाही पटलंय. सांगलीचं घर विकायचं नाही, नुसतं कुलूप. आंब्याला जाऊच. झोपाळ्याच्या कड्या बसवून घेतल्यात. ओटा जरा उंच आहे, तेवढं चालवून घे आई. दूध म्हशीचं, सुट्टं, सकाळी सहाला दारात.

हे सगळं त्या भाजणीमुळे. आई, चाळीस वर्षं तू डोळे मिटून सांगतेस, तांदूळ चार वाट्या, हरभराडाळ दोन, उडीदडाळ एक. परवा तांदूळ दोन म्हणालीस, पाच मिनिटांनी सहा. आणि मागून बाबा हळूच 'चार, चार'. किती दिवस असं मागून सांगताय, बाबा?

'वय झालं की होतंच' म्हणाल. अर्धं खरं आहे. मेंदूतल्या पेशीही म्हाताऱ्या होतात. त्यांची ऊर्जा कमी पडते, आतला कचरा लवकर निघत नाही, एकमेकींशी असलेल्या जोडण्या विरळ होतात. म्हणून नाव उशिरा आठवतं, पण आठवतं. अल्झायमरमध्ये मोरी तुंबावी तसं होतं. पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रथिन साठतं, आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता होतो, आणि साफसफाई करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशीच सूज वाढवत बसतात. मग पेशी मरायला लागतात. नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला झळ लवकर लागते. वय हे सगळ्यात मोठं कारण, पण एकटं वय नव्हे. डॉ. अल्झायमरनी १९०६ साली जिच्या मेंदूत हे दाखवलं, ती बाई गेली तेव्हा ५५ वर्षांची होती.

आईला हेच झालंय असं मी म्हणत नाहीये. थायरॉइड किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस विसरतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. पण तपासायचं. माईआजीच्या वेळी आपण सगळे 'वय झालं' म्हणत राहिलो आणि मागच्या दाराला कडी लागली. ते पुन्हा नको.

आई, मी सतराचा पाढा विसरायचे तेव्हा तू केसांना तेल लावता लावता परत पहिल्यापासून म्हणायचीस. एकदाही ओरडली नाहीस.

आता ऐका. दसरा झाला की गाडी घेऊन येतेय. दिवाळी इथे, आणि त्याआधी न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं, नंबर लावलाय. आईची जुनी फाइल हाताशी ठेवा. बाबा, कानाचं मशीन कपाटातून काढा. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात ऐकू कमी येणंही आहे, तेव्हा हे तुमच्यासाठीही. बीपीची गोळी रोज, बरं वाटतंय म्हणून बंद नाही. रात्री गॅस सिलिंडरपाशी बंद करायचा, तोही बाबांनी. आईला टोकायचं नाही. चुकलं तर चुकलं.

आई, भाजणी या वेळी आपण दोघी मिळून करू. पितळी झाकणाची बरणी तेवढी घेऊन ये, इथे तसली मिळत नाही.

तुमची,
चिमी