तक्रार: शेअर केलेला फोल्डर उघडून देताना तुमच्या माणसाने कॉम्प्युटरची सगळी कुलपं काढून ठेवली

प्रति,
टेक्निकल सपोर्ट प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

मी तुमच्याकडून लॅपटॉप घेतला आणि सोबत वर्षभराचा होम सपोर्ट प्लॅन पण घेतला, त्या प्लॅनच्या कागदावर घरातल्या कॉम्प्युटरमध्ये फाइल शेअरिंग सेट करून देऊ असं स्वच्छ लिहिलंय. त्याच कामाबद्दल ही तक्रार आहे. फोनवर चार वेळा सांगून झालं, चॅटवर दोनदा, दर वेळी नवीन माणूस आणि दर वेळी मी पहिल्यापासून सुरुवात करायची, म्हणून आता सगळं एकदाच लिहून पाठवतोय. लांबलंय, पण पूर्ण वाचा, कारण तुमच्या सिस्टीममध्ये ही तक्रार "रिझॉल्व्हड" दाखवतेय आणि ते खरं नाहीये.

घरात तीन मशीन आहेत. बाबांचा जुना डेस्कटॉप विंडोज 10 वर, माझा नवीन लॅपटॉप विंडोज 11 प्रो आणि बायकोचा एक लॅपटॉप. बाबांनी रिटायर झाल्यावर घरातले जुने अल्बम स्कॅन करायला घेतले, आई गेल्यावर तर ते रोज दुपारी तेवढंच काम करायचे. प्रत्येक फाइलला नाव देताना फोटोत कोण कोण आहे, कुठल्या साली काढलाय, सगळं लिहायचे. त्याच फोल्डरमध्ये त्यांचे दवाखान्याचे रिपोर्ट आणि घराची कागदपत्रं पण आहेत. मला एवढंच हवं होतं की माझ्या लॅपटॉपवरून तो फोल्डर उघडावा, बायकोला फोटो बघता यावेत, बस. क्लाउडवर टाकायचं नव्हतं, बाबांची इच्छा नाही, आणि एकाच वायफायवर असलेल्या मशीनमध्ये त्याची गरज पण नाही.

पहिल्यांदा चॅटवर ज्या मॅडम होत्या त्यांचं काम चांगलं होतं हे मुद्दाम लिहितो. बाबांच्या मशीनवर नेटवर्क प्रोफाइल पब्लिक होतं ते त्यांनी प्रायव्हेट करायला लावलं, नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल शेअरिंग चालू करायला लावलं, आणि पाच मिनिटांत बाबांचा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर दिसायला लागला. दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं, उघडण्यासाठी परमिशन बघावी लागेल हेही त्यांनीच सांगितलं. मग केस सीनियरकडे गेली.

तिथून पुढे बिघडलं. फोल्डरवर क्लिक केलं की युजरनेम आणि पासवर्ड मागायचं. बाबांच्या अकाउंटला पासवर्डच नाही, ते मशीन चालू केलं की सरळ डेस्कटॉप येतो, म्हणून मी त्यांचं नाव टाकलं आणि पासवर्डची जागा रिकामी सोडली. स्क्रीनवर मेसेज आला, मी त्याचा फोटो काढून तुमच्या चॅटमध्ये तेव्हाच टाकलाय, त्याचा अर्थ असा की अकाउंटवर निर्बंध असल्यामुळे साइन इन करता येत नाही, उदाहरणार्थ रिकामा पासवर्ड चालत नाही. म्हणजे कारण तिथेच लिहिलेलं होतं! विंडोजमध्ये पासवर्ड नसलेलं लोकल अकाउंट फक्त त्या मशीनसमोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून येऊ देत नाही, आणि ही सेटिंग मुळातच चालू असते. बाबांच्या मशीनवर एक पासवर्डवालं अकाउंट बनवलं असतं तर काम तिथेच संपत होतं. पण सीनियरनी तो फोटो उघडून पण बघितला नाही, मला म्हणाले तुमच्या लॅपटॉपचा पिन टाकून बघा. पिन टाकला, चालला नाही, चालणारच नव्हता, कारण पिन ज्या मशीनवर बनवलाय त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर पासवर्डच लागतो. सपोर्टवाल्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला खरंच वाईट वाटलं.

मग त्यांनी बाबांच्या मशीनवर पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करायला लावलं. याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता, आता कळलाय, की ओळख न विचारता कोणालाही गेस्ट म्हणून आत घ्यायचं. तरी उघडलं नाही, आता वेगळा मेसेज आला, की तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटवता गेस्टला प्रवेश नाही. यावर उत्तर काय मिळालं तर "हा लॅपटॉप ऑफिसचा असेल, तुमच्या ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा". अहो लॅपटॉप तुमच्याच कंपनीकडून घेतलाय, घरासाठी घेतलाय, तुमच्या स्क्रीनवर माझी नोंद आहे. तो मेसेज ऑफिसचा वगैरे नसतो, विंडोज 11 च्या 24एच2 व्हर्जनपासून प्रो मध्ये असं गेस्ट म्हणून दुसऱ्या मशीनवर जाणं मुळातच बंद केलेलं आहे. त्याच व्हर्जनपासून प्रो मध्ये एसएमबी (विंडोज मशीन एकमेकांशी फाइल शेअर करायला जी पद्धत वापरतात ती) साइनिंग पण सक्तीचं झालंय, म्हणजे दोन मशीनमध्ये जे काही जातं-येतं त्यावर मध्ये कोणी फेरफार करू नये म्हणून शिक्का लागतो, आणि तो शिक्का पासवर्डवरून तयार होतो, गेस्टकडे पासवर्डच नाही तर शिक्का कुठून येणार. थोडक्यात मशीन परत परत एकच सांगत होतं की नीट अकाउंट वापरा.

तिसऱ्या दिवशी तुमच्या इंजिनीअरनी रिमोटवर दोन्ही मशीनचा ताबा घेतला आणि चाळीस मिनिटं काहीतरी करत होते. विचारलं तर म्हणाले "सर तुम्ही फक्त बघा, होऊन जाईल". झालं खरं, फोल्डर उघडला, मी थँक्यू पण म्हणालो, आणि तक्रार बंद झाली. काय केलं होतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

त्या दिवशी माझा भाचा राहायला आला होता, त्याचा लॅपटॉप आमच्या वायफायवर होता. त्याला नेटवर्कमध्ये बाबांचा कॉम्प्युटर दिसला, क्लिक केलं, काहीही न विचारता फोल्डर उघडला. फोटो बघत बसला, आवडले म्हणून त्यातला एक मोठा फोल्डर स्वतःकडे कॉपी केला, मग जागा कमी पडायला लागली म्हणून डिलीट केला, त्याला वाटलं आपली कॉपी डिलीट करतोय, ती बाबांच्या मशीनवरची होती. मुलाची चूक मी धरत नाही, त्याला एका शब्दाने बोललो नाही. आणि नेटवर्कवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, ना त्याच्या लॅपटॉपवर ना बाबांच्या, सरळ जातं. माझ्याकडे बाहेरच्या हार्ड डिस्कवर चार महिन्यांपूर्वीची कॉपी होती म्हणून बरंचसं वाचलं. त्या चार महिन्यांत बाबांनी जे स्कॅन केलं ते गेलं, त्यात मामांकडून उसने आणलेले अल्बम होते, आईच्या लहानपणचे. रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने काही फोटो परत आले पण नावं गेली, आणि नावं म्हणजेच तर बाबांचं काम होतं. आता त्या फोटोत कोण आहे हे सांगणारी माणसं पण थोडीच राहिलीत. बाबा काही बोलले नाहीत, दोन दिवस त्या कॉम्प्युटरसमोर बसलेच नाहीत.

त्यानंतर मी दोन रात्री बसून एकेक सेटिंग बघितली. बाबांच्या मशीनवर फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून नको ते आत येऊ न देणारी भिंत, पूर्ण बंद, प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्हीकडे. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद. फोल्डरच्या शेअरिंगमध्ये एव्हरीवनला फुल कंट्रोल आणि सिक्युरिटी टॅबमध्ये पण एव्हरीवनला फुल कंट्रोल. माझ्या लॅपटॉपवर असुरक्षित गेस्ट लॉगऑन चालू, साइनिंगची सक्ती काढलेली. आणि दोन्ही मशीनवर एसएमबी 1, म्हणजे एसएमबीचं सगळ्यात जुनं व्हर्जन, चालू केलेलं, ज्याची या कामाला काडीची गरज नव्हती, दोन्ही विंडोज त्याच्या पुढचं व्हर्जन वापरतात. मे 2017 मध्ये वॉनाक्राय, म्हणजे फाइलना कुलूप लावून खंडणी मागणारं व्हायरससारखं प्रकरण, जगभर पसरलं ते याच एसएमबी 1 मधल्या भोकातून, त्यासाठीचा पॅच मार्च 2017 मध्येच आला होता, ज्यांनी टाकला नव्हता ते अडकले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या विंडोज 10 च्या व्हर्जनपासून नवीन इन्स्टॉलमधून एसएमबी 1 काढायला सुरुवात झाली. जे मुद्दाम काढून टाकलंय ते तुमच्या इंजिनीअरनी मुद्दाम परत बसवलं, तेही अशा मशीनवर की ज्या विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय.

तुमच्या फोनवरच्या साहेबांनी मला सांगितलं की एव्हरीवनला परमिशन देणं ही "स्टँडर्ड प्रोसिजर" आहे. अर्धंच खरं आहे हे. नेटवर्कवरून फाइल उघडताना दोन परमिशन लागतात, एक शेअरची आणि एक सिक्युरिटी टॅबमधली, आणि दोन्हीत जी जास्त कडक असेल ती चालते. म्हणून काही लोक शेअरची बाजू मोकळी ठेवतात आणि खरी कुलपं सिक्युरिटीत लावतात, ती पद्धत ठीक आहे. तुमच्या माणसाने दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या. आणि फुल कंट्रोल म्हणजे नुसतं वाचणं-लिहिणं-डिलीट करणं नाही, त्याच्यात परमिशन बदलणं आणि मालकी स्वतःकडे घेणं पण येतं. बायकोला फोटो बघायचे होते, तिला रीड पुरे होतं.

आता बरोबर काय होतं ते पण लिहितो, म्हणजे तुमच्या ट्रेनिंगवाल्यांना दाखवता येईल. बाबांच्या मशीनवर मी दोन साधी लोकल अकाउंट बनवली, एक माझ्यासाठी एक बायकोसाठी, दोन्हीला पासवर्ड. बाबांचं स्वतःचं लॉगिन जसं होतं तसंच ठेवलं, त्यांना रोज पासवर्ड टाकायला लावायचा नव्हता. फोल्डरवर मला मॉडिफाय, बायकोला फक्त रीड, एव्हरीवन दोन्हीकडून काढलं. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग परत चालू, फायरवॉल चालू, एसएमबी 1 काढलं, माझ्या लॅपटॉपवरची साइनिंगची सक्ती परत लावली. तरी पहिल्यांदा उघडलं नाही, कारण माझ्या लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज नावं-पासवर्ड साठवून ठेवतं ती जागा) आधीच्या प्रयत्नातलं चुकीचं नाव साठवलेलं होतं आणि विंडोज दर वेळी तेच पाठवत होतं. ते काढलं, रीस्टार्ट केलं, नवीन नाव टाकताना आधी बाबांच्या कॉम्प्युटरचं नाव लिहून मग अकाउंटचं नाव लिहिलं, आणि उघडलं.

एक गोष्ट राहिली होती, काही फाइल उघडायच्या आणि त्याच फोल्डरमधल्या काही "ॲक्सेस डिनाइड" म्हणायच्या. हे मी तुमच्या लोकांना पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, तेव्हा उत्तर मिळालं की फाइल करप्ट असतील. करप्ट नव्हत्या. बाबा स्कॅन करून फाइल आधी त्यांच्या पर्सनल फोल्डरमध्ये ठेवायचे आणि मग कट-पेस्ट करून शेअरवाल्या फोल्डरमध्ये आणायचे. एकाच ड्राइव्हवर फाइल कॉपी केली तर तिला नवीन फोल्डरच्या परमिशन मिळतात, पण कट करून हलवली तर ती जुन्या परमिशन घेऊनच येते. म्हणून त्या फाइलवर फक्त बाबांचं नाव होतं. सिक्युरिटीच्या ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन वरच्या फोल्डरच्या परमिशन आतल्या सगळ्या फाइलवर बसवायचा पर्याय टिक केला, दोन मिनिटांत सगळ्या उघडल्या. आता बाबांना स्कॅनरमध्येच सेव्ह करायची जागा बदलून दिलीय.

मी कॉम्प्युटरवाला माणूस नाही, मला हे सगळं करायला दोन रात्री लागल्या कारण शिकत शिकत केलं. माहिती असलेल्या माणसाला अर्धा तास लागला नसता. तीन वेगळे मेसेज आले होते, रिकामा पासवर्ड, गेस्टला मनाई, ॲक्सेस डिनाइड, तिन्हीची कारणं वेगळी होती, आणि तुमच्याकडून एकही मेसेज कोणी नीट वाचला नाही, फक्त एकेक कुलूप काढत गेले जोपर्यंत काही अडत नाही तोपर्यंत. हाच माझा मुख्य आक्षेप आहे. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी हेच करतील, करत असतीलच, आणि त्यांच्याकडे चार महिन्यांपूर्वीची कॉपी पण नसेल.

मला तुमच्याकडून काय पाहिजे ते सांगतो. तक्रार "रिझॉल्व्हड" मधून काढून परत उघडा. रिमोटवर त्या चाळीस मिनिटांत कुठल्या कुठल्या सेटिंग बदलल्या त्याची पूर्ण यादी लेखी द्या, मी शोधल्या त्याच्यापलीकडे काही राहिलंय का हे मला कळायलाच पाहिजे. तुमचं रिमोटचं सॉफ्टवेअर बाबांच्या मशीनवर अजून आहे, आपोआप चालू होतं, ते पूर्ण काढायची पद्धत सांगा. सपोर्ट प्लॅनचे पैसे परत करा, कारण काम मी केलंय. गेलेल्या फाइलच्या रिकव्हरीसाठी चांगल्या लॅबमध्ये डिस्क द्यायचा खर्च तुम्ही उचलावा असं माझं म्हणणं आहे, ती डिस्क मी काढून बाजूला ठेवलीय, बाबांना दुसरी बसवून दिलीय, जुनीवर काही नवीन लिहिलं जाऊ नये म्हणून. आणि फायरवॉल बंद करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या हे तुमच्या लोकांच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असेल तर ते काढा आणि काढलं म्हणून मला कळवा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर मी ग्राहक आयोगाकडे जाईन, चॅटच्या सगळ्या कॉपी, मेसेजचे फोटो आणि सेटिंगचे स्क्रीनशॉट तारखेसकट माझ्याकडे आहेत. फोन करायचा असेल तर संध्याकाळी सातनंतर करा, पण ज्याने हे पत्र पूर्ण वाचलंय त्यानेच करा.

तुमचा ग्राहक
(नाव, नंबर आणि बिल तुमच्या नोंदीत आहे)

सोबत: मेसेजचे तीन फोटो, दोन्ही मशीनच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट, चॅटची कॉपी