दुर्बिणीचे भिंग बर्फाचेच आहे

संपादक महोदय,

दक्षिण ध्रुवावरील ‘आइसक्यूब’ या, न्यूट्रिनो नावाचे विद्युतभार नसलेले अतिसूक्ष्म कण टिपणाऱ्या दुर्बिणीवरचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला. मात्र बर्फाची बोळवण त्यात ‘पारदर्शक’ या एकाच शब्दात झाली आहे. या दुर्बिणीचे भिंग म्हणजे तो बर्फच, म्हणून हे पत्र.

न्यूट्रिनो अणूवर आदळला की निघणाऱ्या विद्युतभारित कणांमुळे निळसर चेरेन्कॉव्ह प्रकाश उमटतो आणि १,४५० ते २,४५० मीटर खोलीवरचे ५,१६० संवेदक तो टिपतात. तो कोणत्या संवेदकावर कधी पोहोचला यावरून न्यूट्रिनोची दिशा काढायची, तर वाटेत प्रकाश किती विखुरला आणि किती शोषला गेला हे आधी ठाऊक हवे. पूर्वीच्या ‘अमांडा’ प्रकल्पाला १९९०च्या दशकात हा धडा मिळाला. पहिल्या किलोमीटरभरात हवेचे बुडबुडे इतके निघाले की दिशा लागेना, आणि दाबाने बुडबुडे नाहीसे होतात तितके खोल जावे लागले. तिथेही २,००० मीटरांच्या आसपास हिमयुगातील धुळीचा थर आहेच.

म्हणून प्रत्येक संवेदकात १२ एलईडी दिवे आहेत. एका संवेदकाने चमकायचे, इतरांनी मोजायचे आणि संगणकातील बर्फ खऱ्या बर्फाशी जुळेपर्यंत सुधारत राहायचा, असे हे कॅलिब्रेशन चालते. बर्फ ज्या दिशेने सरकतो त्या रेषेत प्रकाश अधिक पोहोचतो, हे याच मोजणीतून कळले. स्फटिकांमधून जाताना किरण थोडा थोडा वळत जातो, हे त्याचे कारण उमगायला मात्र बरीच वर्षे लागली.

मी भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फ्रीजमधला बर्फाचा खडा उजेडात धरावा: कडेला काचेसारखा, मध्ये पांढुरका. कडेकडून गोठत येणारे पाणी आपल्यातली हवा आत ढकलत जाते. गरम पाण्याने पाडलेल्या, सुमारे ६० सेंटीमीटर रुंदीच्या छिद्रांत संवेदक सोडल्यावर हेच घडले आणि अगदी त्यांच्यालगत बुडबुड्यांचा पांढरा खांब तयार झाला. दुरून आलेला प्रकाश शेवटच्या टप्प्यावर तिथे विखुरतो, म्हणून त्याचेही मोजमाप करावे लागते.

२०२३ मध्ये आपल्या आकाशगंगेतून येणारे न्यूट्रिनो दिसले, ते प्रकाशाच्या गोळ्यासारख्या घटनांमधून. अशा घटनांची दिशा ठरवताना बर्फाची अचूक माहिती फारच महत्त्वाची असते. ती जसजशी सुधारते, तसतशा जुन्या नोंदीही नव्याने वाचता येतात. पुढील लेखात या मोजणीला निदान दोन परिच्छेद द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, सातारा