कूलरसमोरच्या 40 ट्यूब

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र असं उघड्यावर लिहितेय, कारण तुमचा पत्ता आम्ही विचारलाच नाही. फोन तुमचा बटनांचा, त्यावर लांब मेसेज वाचत नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. हिंगणा एमआयडीसीत कोणीतरी हे वाचेल आणि लुनावर फिरणाऱ्या, खिशाला नेहमी व्हर्निअर (बारीक मापाची पट्टी) लावलेल्या रिटायर स्टोअरकीपर काकांना वाचून दाखवेल, एवढ्या भरवशावर लिहायला बसलेय. शिवाय मृग तोंडावर आलाय. आमच्या शेडमध्ये ट्यूबच्या गंजाबद्दल तुम्ही जे दाखवलंत ते पावसाच्या आत आणखी चार वर्कशॉपवाल्यांच्या कानावर गेलं तर बरंच आहे.

तुम्ही आला होतात विहिरीवरच्या पंपाचा झिजलेला बुश रुमालात बांधून. मी तेव्हा फोनवर भांडत होते. ट्रॅक्टर ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकसाठी आम्ही होनिंग केलेल्या, म्हणजे आतून दगडाने घासून गुळगुळीत मापाला आणलेल्या, पोलादी ट्यूब मागवल्या होत्या. आतून 63, बाहेरून 73 मिलिमीटर, लांबी 6 मीटर, नग 40. एकेक ट्यूब साधारण 50 किलोची, म्हणजे 2 टन माल. माल येऊन तीन आठवडे झाले होते आणि पहिल्या 12 ट्यूब मशीनवर घ्यायला काढल्या तर आत तपकिरी ठिपके. मे महिना, नागपूर, बाहेर 45 अंश, हवेत ओलावा औषधाला नाही. अशा दिवसांत गंज चढतो कसा? माल गंजकाच आला असणार, हे माझं गणित. पुरवठादाराला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तुम्ही बुश बाजूला ठेवलात, न विचारता रॅककडे गेलात आणि टॉर्च मारत एकेका ट्यूबमध्ये डोकावलात. मग दुसऱ्या टोकाकडून तेच. नंतर माझ्याकडे वळून म्हणालात, "पोरी, पाऊस बाहेर नाही, आतच पडून राहिला. थो कूलर कोणासाठी लावला, माणसासाठी का ट्यूबसाठी?"

आमचा मोठा डेझर्ट कूलर रॅकच्या पूर्वेच्या टोकासमोर होता. ठिपके होते ते पूर्वेच्या टोकापासून हातभर आतपर्यंत. पश्चिमेची टोकं आरशासारखी स्वच्छ. तीन आठवडे रोज त्या रॅकजवळून जात होतो, पण हे एकालाही दिसलं नव्हतं. कूलर म्हणजे ओली हवा फेकणारं यंत्र, आणि त्या हवेबरोबर बारीक तुषारही उडतात. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आपण वरून नवं पाणी ओततो. महिनाभरात टाकीत जे उरतं ते खारं पाणीच. तेच तुषार पॉलिश केलेल्या पोलादावर रोज आठ तास. त्यात बोअर गेजने आतलं माप घ्यायला आम्ही प्लास्टिकची टोपणं काढली होती आणि परत बसवलीच नव्हती. दोन्ही तोंडं उघडी, वारा आरपार. खोक्यात 200 टोपणं तशीच पडून होती. "पेटीवरचं झाकण काढून संत्रं उन्हात ठेवलं तर संत्र्याची चूक काय?" हा तुमचा टोमणा भावाने आता रॅकवर खडूने लिहून ठेवलाय.

खरं तर तेवढं सांगून बुश घेऊन तुम्ही गेला असतात तरी आमचं भागलं असतं. तुम्ही तीन दिवस आलात.

पहिल्या दिवशी नुसतं बघायला लावलंत. एका ट्यूबच्या बाहेरच्या अंगावर पाच बोटांचा गंजलेला ठसा निघाला, अगदी पोलिसांच्या नोंदवहीत घेतात तसा. मी ठामपणे हेल्परवर शंका घेतली. तुम्ही माझा हात धरून त्यावर ठेवलात. बोटं तंतोतंत बसली, अनामिकेवरच्या अंगठीच्या जागेसकट. उन्हाळ्यात हाताला घाम, घामात मीठ आणि लॅक्टिक आम्ल. उघड्या पोलादावर तो ठसा काही दिवसांत उमटतो. त्या दिवसापासून माप घेतानासुद्धा हातमोजे. हेल्परची माफी मी मागितली, चहा त्याने पाजला.

दुसरा गंज लाकडाखाली सापडला. ट्यूबखाली आम्ही बाभळीचे ओले ओंडके ठेवले होते, सुतार जे देईल ते. जिथे लाकूड टेकलं तिथे बरोबर एक आडवी लाल रेघ. ओलं लाकूड पाणी तर सोडतंच, आम्लाची वाफही सोडतं, आणि पोलादाला ती फार लागते. तुम्ही वाळलेल्या पट्ट्या आणायला लावल्यात आणि वरून जुना एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप उभा चिरून खोबणीसारखा बसवलात. ट्यूब लाकडालाही लागत नाही आणि लोखंडी अँगलवर घासून ओरखडेही येत नाहीत. दहा मिनिटांचं काम आणि खर्च जवळजवळ शून्य. आमच्याच शेडच्या मागे तो पाईप दोन वर्षं पडून होता.

आधारांची जागा तुम्ही मेजर टेपने मोजलीत. आमचे ओंडके वाटेल तिथे होते: खालच्या थराला दोन टोकांना, वरच्याला मधोमध. 6 मीटरची ही ट्यूब फक्त दोन टोकांवर ठेवली तर मध्ये साधारण एक सेंटीमीटर लवते. मी घाबरले, पण तुम्हीच म्हणालात की स्वतःच्या वजनाने लवलेली ट्यूब उचलली की परत सरळ होते, त्याची एवढी चिंता नको. वरच्या थरांचं वजन एका ठोकळ्यावरून खालच्या ट्यूबच्या अधांतरी भागावर आलं, त्यात एखादा धक्का बसला, की खोट कायमची राहते. म्हणून आधार चार, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक थराचे ठोकळे एकाखाली एक, सरळ उभ्या रेषेत. ही एक गोष्ट इतकी साधी आहे की आजवर कोणी सांगितली नाही याचा मला रागच आला.

ट्यूब खरी वाकते ती उतरवताना. ट्रकवरून टायरवर टाकणं, मधोमध एकच साखळी बांधून उचलणं, हे सगळे उद्योग आम्ही केले होते. आता दोन नायलॉनचे पट्टे, लांबीच्या साधारण पाव आणि पाऊण भागावर. साखळी नाही, कारण ती पोचे पाडते, आणि पातळ भिंतीच्या ट्यूबला बाहेरून पडलेला पोचा आत उंचवटा होऊन निघतो. होनिंगचा दगड तिथे अडखळतो. वाकलेली ट्यूब लेथवर फिरवली तर बाहेरचं माप गोल येतं, पण भिंत एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ उरते. जॅकवर दाब आला की पातळ बाजू आधी फुगणार. हे तुम्ही फळ्यावर न काढता हातातल्या केळीच्या सालीवर दाखवलंत. केळी मग भावाने खाल्ली.

तिसऱ्या दिवशीचं पॅकिंग मात्र तुमच्या आवडीचा विषय होता, हे तोंडावरच दिसत होतं. व्हीसीआय कागद, म्हणजे गंजरोधक औषध लावलेला कागद, आम्ही आधीही वापरत होतो, पण कसा? ट्यूबला शाल पांघरावी तसा, दोन्ही टोकं उघडी. त्या कागदातून जी वाफ निघते ती धातूवर अदृश्य थर धरते आणि गंज रोखते, पण वाफ कोंडली तरच. उघड्यावर ती उडून जाते आणि आपण नुसता महागाचा कागद गुंडाळलेला असतो. म्हणून कागद, वरून बंद पिशवी, टोकं टेपने सील, आणि कागदाची औषध लावलेली बाजू आत. पिशवी एकदा उघडली की लगेच बंद. आणि ओल्या ट्यूबवर तर अजिबात नको, कारण मग आपण गंजाला आतच कोंडून ठेवतो.

तेलाचंही तसंच. अर्धवट मशीनिंग झालेल्या ट्यूब कूलंटच्या (कापताना थंड ठेवणाऱ्या) पाण्यासकट रात्रभर पडायच्या आणि सकाळी आम्ही "कालची चमक गेली" म्हणायचो. पाण्यात मिसळणारं कूलंट सुकलं की मागे ओल धरणारे क्षार उरतात. आता संध्याकाळी शेवटच्या कटानंतर पुसायचं, पाणी बाहेर ढकलणारं रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल लावायचं आणि मगच घरी जायचं. ग्रीस नको. धूळ धरतं आणि होनिंगच्या आधी धुवायला दुप्पट वेळ खातं.

पावसाळ्यासाठी एक गोष्ट तुम्ही मुद्दाम बजावली होती, ती इथे सगळ्यांसाठी लिहिते. रात्रीच्या प्रवासाने गार झालेला माल सकाळी दमट शेडमध्ये आला की लगेच पॅकिंग फाडायचं नाही. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला पाझर फुटतो ना, तसंच ट्यूबचं होतं, आणि आतूनही, जिथे दिसत नाही. गठ्ठा पॅकिंगसकट एक दिवस राहू द्यायचा, शेडच्या तापमानाला येऊ द्यायचा, मग उघडायचं. भिंतीवर आता एक साधा आर्द्रतामापक लावलाय. काटा 60 टक्क्यांच्या वर गेला की भाऊ दरवाजा ओढून घेतो. आधी त्याच भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर होतं.

निशाणीची तुमची सवय तर आता आमच्या अंगवळणीच पडली. ट्यूबवर हीट नंबर (पोलाद भट्टीच्या कोणत्या ओतीतलं ते सांगणारा) छापलेलं टोक शेवटपर्यंत शाबूत ठेवायचं आणि कापायला दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायची. आम्ही नेमकं उलट करत होतो. उरलेले तुकडे अनाथ व्हायचे, मग हा सीडीएस (बिनजोडाचा) की सीडीडब्ल्यू (वेल्ड केलेला) यावर दुपारभर वाद. (कामगार अजून सगळ्यालाच पाईप म्हणतात. "पाईप पाण्याचा, ट्यूब मापाची" हे तुमचं वाक्य मी रोज ऐकवते, उपयोग शून्य.)

आता हिशेब सांगते, तुम्ही विचारला नसला तरी. 63 च्या बोअरला, म्हणजे आतल्या व्यासाला, एच8 या मापाच्या दर्जात वर फक्त 46 मायक्रॉनची (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांची) सूट. बोअर आधीच 30 मायक्रॉनवर असेल तर पुन्हा होन करायला 16 उरतात, तेही व्यासावर, म्हणजे एका बाजूला 8, आणि खड्डा त्याहून खोल गेला की तो भाग गेला. तुमच्या सांगण्याप्रमाणे आम्ही 40 ट्यूब एकेक करून तपासल्या. 27 तेल आणि बारीक स्कॉचब्राइटने निघाल्या. 8 च्या खराब टोकांना करवत लावून छोट्या जॅकना वापरल्या. 5 भंगारात. कूलर तसाच राहिला असता तर पाऊस येईपर्यंत उरलेल्यांचंही काही खरं नव्हतं.

पुरवठादाराला मी फोन केला, काय झालं ते खरं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या लॉटला टोपणं टेपने पक्की करून पाठवतो, म्हणजे कोणाला काढायचा मोह होणार नाही." लाज वाटली, हसूही आलं.

पैशाचा विषय काढला तेव्हा तुम्ही हात झटकलेत, आणि त्या गडबडीत तुमचा बुश इथेच राहिला. तीन दिवस येऊनही त्याची आठवण तुम्हाला झाली नाही, आम्हालाही नाही. मागच्या सोमवारी तो मी स्वतः लेथवर घेतला. जुन्याच्या मापावरून गनमेटलचा (एक प्रकारच्या काशाचा) नवा केलाय. स्टोअरमध्ये शिरल्यावर डाव्या हाताच्या खालच्या कप्प्यात आहे, तेल लावून, व्हीसीआय कागदात, कूलरपासून लांब. कागदाची बरोबर बाजू आत आहे, पण तुम्ही उघडून बघालच. यायचं झालं तर सकाळी अकराच्या आत या, नंतर शेड तापतं. कूलर आता दक्षिणेच्या खिडकीत आहे, तिथे फक्त माणसं बसतात.

तुमची,
हिंगण्याच्या शेडमधली, अंगठीवाल्या ठशाची मालकीण