रब्बी ज्वारीच्या संशोधक सरांना जाहीर आभार पत्र

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

आपल्या सेवानिवृत्तीला बराच काळ लोटला असला, तरी आमच्या शिरूर तालुक्याच्या जिरायत पट्ट्यात रब्बीची पेरणी जवळ आली की आपले नाव निघतेच. म्हणून शिवारातील सर्वांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात आम्ही आलो, तेव्हा सर्वांत जास्त उतारा देणारा ज्वारीचा वाण कोणता, एवढेच आम्हाला विचारायचे होते. आपण उलट जमिनीची खोली विचारलीत आणि ती कोणालाच सांगता येईना, तेव्हा स्वतः बांधावर येऊन पहारीने खड्डे घ्यायला लावलेत. माळाच्या तुकड्यात वीतभर मातीखालीच मुरूम लागला. ओढ्याकाठी मात्र कंबरभर खणूनही काळी माती संपेना, आणि हे सारे एकाच सातबाऱ्यावर! हलक्या जमिनीत फुले अनुराधा, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा आणि भारी कोरडवाहू जमिनीत फुले वसुधा, ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस त्या खड्ड्यांपाशी उभे राहून आम्हाला खऱ्या अर्थाने उमगली. तोवर सगळीकडे मालदांडी हा जुना वाणच पेरला जाई. त्याच्या भाकरीला आजही तोड नाही. परंतु मुरमाड रानात ओल लवकर तुटते, दाणा पोचट राहतो आणि खडखड्या रोगाने ताटे लोळतात. अनुराधा लवकर निसवते, म्हणजे तिचे कणीस लवकर बाहेर पडते, त्यामुळे ओल संपण्याआधीच तिचा दाणा भरतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2023 साली जगात सुमारे 73 कोटी माणसे भुकेली होती. त्यांतील कित्येक जण स्वतःच कोरडवाहू शेतकरी असतात, हे आपण सांगितले तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटले नाही, कारण 1972 च्या दुष्काळात शेती असूनही सुकडी आणि लाल मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसे आमच्या घरांत आहेत. ज्वारी मूळची आफ्रिकेची; तिथल्या कोरड्या मुलखांतही हाच प्रश्न आहे. संकरित ज्वारीने खरिपात उत्पादन वाढवले, हे मान्यच. मात्र तिचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि भाकरीच्या चवीबद्दल आमच्या घरच्यांनी तिला कधी पुरते गुण दिले नाहीत. आपण ज्या सुधारित वाणांवर उमेद खर्च केलीत, त्यांचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते आणि कडबाही जनावरे आवडीने खातात. भुकेच्या प्रश्नावरील चर्चेत क्विंटलचे आकडे पुष्कळ येतात, कडब्याच्या पेंढीचा उल्लेख क्वचितच होतो; आपण मात्र दोन्ही मोजत होता, याबद्दल आम्ही आपले विशेष ऋणी आहोत.

यंदा अनुराधाच्या निवडक कणसांचे बी शेजारच्या गावांनाही पेरणीपुरते दिले असून, काणी रोग येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम गंधक चोळावे, ही आपली सूचना प्रत्येक पिशवीवर लिहून दिली आहे.

आपला नम्र,
शिरूर तालुक्यातील एक शेतकरी