बाळाच्या डोळ्याबद्दल

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाळाचा डावा डोळा चिकटलेला पाहून तुमचा जीव खालीवर झाला असणार. म्हणून डॉक्टरांनी काय सांगितलं ते नीट लिहिते.

डोळ्यातलं पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरतं. तिच्या खालच्या टोकाचा पातळ पडदा जन्माच्या सुमारास उघडायला हवा, आपल्या बाळाचा एका बाजूचा अजून उघडलेला नाही. म्हणून रडत नसतानाही पाणी गालावर येतं आणि झोपून उठल्यावर पापण्या चिपडांनी चिकटतात. शंभरातल्या साधारण 90 बाळांची नळी वर्षाच्या आत आपोआप मोकळी होते. नाहीच झाली, तर बारीक तार घालून उघडतात.

बाबा, आपोआप बरं होणार तर तपासणी कशाला, असं तुम्ही विचाराल. पण पाणी दर वेळी नळीमुळेच येतं असं नाही. बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर जन्मजात काचबिंदूची शंका घ्यावी लागते. शिवाय काही दोषांत पाणीही येत नाही, दुखतही नाही. डॉक्टरांनी खोलीत अंधार करून हातभर अंतरावरून दोन्ही डोळ्यांत उजेड टाकला. दोन्ही बाहुल्या सारख्याच लालसर चमकल्या, तेव्हा कुठे मला हायसं वाटलं. एखादी पांढरी दिसली असती तर आत मोतीबिंदू किंवा गाठ आहे का, ते लगेच शोधावं लागलं असतं. जन्मजात दाट मोतीबिंदू पहिल्या दोनेक महिन्यांत काढला नाही, तर मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकतच नाही. मग ऑपरेशन करूनही नजर अधू राहते. प्रत्येक बाळाची ही तपासणी व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आई, तू आलीस की मालिश तुझ्याकडे. नखं कापून, हात धुऊन, बोट डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर टेकवायचं आणि दाबत नाकाच्या कडेने खाली आणायचं. असं पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. नुसतं वरवर चोळून उपयोग नाही, त्या दाबानेच पडदा उघडतो. चिपडं उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसायची. डोळ्यात मात्र डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काहीही घालायचं नाही, अंगावरचं दूधसुद्धा नाही. कोपऱ्याशी लाल सूज आली किंवा ताप चढला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टर डोळे पुन्हा बघणार आहेत. बाबा, तुम्हीही बरोबर चला, मनातलं सगळं त्यांनाच विचारा.

तुमची,
ताई